तळटीप क्रमांक सतरा

शुद्धिपत्र अडीच ओळींचं होतं, आणि त्यावरून ओव्हाळांच्या घरात सकाळी साडेनऊपासून जुंपली होती.

ऋतिकाने ते लॅपटॉपवर टाइप केलं होतं, म्हणून सगळे तिच्याच खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. जशी काही चूक तिचीच! तिच्या आजोबांच्या, म्हणजे भीमराज ओव्हाळांच्या, 'टेकडी आणि वस्ती' या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघत होती. घाटकोपरच्या टेकड्यांवर कोण कधी आलं, पहिली चूल कुणी मांडली, नळ कुठल्या साली आला, याचा जाडजूड इतिहास. प्रत्येक पानाखाली तळटिपा, प्रत्येक वाक्याला पुरावा. गेले चार महिने ऋतिका कॉलेज सांभाळून त्याची प्रुफं वाचत होती आणि ऐंशी वर्षांचे आजोबा शेजारी बसून स्वल्पविराम तपासत होते. काल संध्याकाळी ते अचानक म्हणाले, "शेवटी एक पान वाढव. शुद्धिपत्र घालायचंय." आणि त्यांनी सांगितलं ते असं :

'पृष्ठ १४२, तळटीप क्र. १७ : "संमती" या शब्दाच्या जागी "उपस्थिती" असे वाचावे. तसेच सह्यांचे संकलन भाऊराव धोंडू खरात यांनी केल्याचा उल्लेख वगळावा.'

"वाचलं मी," ऋतिकाची आई सपना म्हणाली. "आता डिलीट कर."

"आई!"

"काय आई? तुला कळतंय का हे काय आहे? आज सुजातानगरच्या लोकांची संमती नव्हती म्हणायचं, मग उद्या विचारतील, संमती नव्हती तर घरं पाडली कशी? तेव्हा नगरसेवक कोण होतं? आणि परवा विचारतील, त्यांच्या सुनेला तिकीट कशाला देताय?"

"एक शब्द आहे गं," अनिरुद्ध म्हणाला. हा भीमराजांचा मुलगा, विमा कंपनीत अधिकारी, आणि घरातला जन्मजात पंच. "बाबांना वाटतंय तर छापू दे ना. शेवटच्या पानावर कोण जातंय बघायला?"

"तुझे बाबा जातात. त्यांचे वाचक जातात. शेवटचं पान आधी उघडणारी माणसं आहेत ती."

सपनाचं चुकत होतं असं ज्याला वाटतं, त्याने बारा वर्षं पक्षाचं काम करून दाखवावं. बायकांच्या बचत गटांपासून तुंबलेल्या गटारापर्यंत सगळं तिने पायाखालून घातलं होतं. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं, सपनाताईंचा नंबर लागायला हवा. पुढच्या रविवारी पंतनगरात अभ्यासिकेला सासऱ्यांचं नाव द्यायचा कार्यक्रम होता. त्यासाठी परवानग्यांचे खेटे तिनेच घातले होते. आणि हो, सासऱ्यांवर तिचा जीवही होता. लग्न होऊन आली तेव्हा ती बारावी नापास होती. पुढे बी.ए. झाली ती त्यांनी समोर बसवून शिकवलं म्हणून.

भीमराज खिडकीजवळच्या खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "प्रबुद्धला बोलावलंय. तो वाचेल, मग ठरवू."

 स्वयंपाकघरात भीमराजांच्या बायकोच्या, नंदाच्या, हातातलं भांडं ओट्यावर आदळलं. प्रबुद्ध म्हणजे तिच्या भावाचा, भाऊरावचा मुलगा. तो या घराची पायरी एकोणीस वर्षं चढला नव्हता.

आता, भीमराज ओव्हाळ आधी इतिहासकार की आधी नगरसेवक, यावर घाटकोपरात दोन तट आहेत. ते साताऱ्याकडून आईच्या कडेवर आले. बाप दगडखाणीवर. पोरगा दिवसा छापखान्यात खिळे जुळवायचा आणि संध्याकाळी रात्रशाळेत बसायचा. पुढे एम.ए. केलं आणि पार्ल्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं शिकवलं. पगार घेतला राजांचा इतिहास शिकवायचा आणि लिहिला रेशनकार्डांचा. दवाखान्याचे केसपेपर, मतदारयाद्या, शाळेचे दाखले, काय काय गोळा केलं! वर्गात आणि घरात कुणी काही ठासून सांगितलं की चष्म्यावरून बघत विचारायचे, "कशावरून?" सत्त्याण्णव साली वस्त्यांनीच त्यांना निवडणुकीला उभं केलं. पाच वर्षं नगरसेवक होते. पाण्याच्या लाइनी आणल्या, शौचालयं आणली, एका कवडीचा डाग लागू दिला नाही. पुढच्या वेळी तिकीट मिळालं नाही तेव्हा दुसऱ्या दिवशी खडू घेऊन वर्गात गेले.

त्या पाच वर्षांतलं एकच काम लोक अजून दोन तोंडांनी सांगतात, ते सुजातानगरचं. टेकडीच्या पोटाशी साडेचारशे घरं होती. एका पावसाळ्यात दरड आली आणि दोन पोरं गेली. पुढच्या एप्रिलमध्ये शाळेच्या पटांगणात सभा झाली, चारशे बारा माणसांनी सह्या-अंगठे केले, आणि पावसाच्या आत सगळी वस्ती कांजूरला संक्रमण इमारतींत हलली. पाच वर्षांत याच जागी पक्की घरं, असं ठरलं होतं. त्या जागेवर आज चोवीस मजली टॉवर आहे. सुजातानगर अजून कांजूरलाच आहे, डम्पिंगच्या कचऱ्याचा वारा सुटला की खिडक्या लावून घेणारं.

*

नंदा कांदा भाजत होती. सपना आत आली आणि भाकरीचं पीठ ओढून बसली.

"आई, तुम्ही तरी सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

"माझं?" नंदा म्हणाली. "त्यांनी कधी माझं ऐकलंय? पुस्तकात असतं तर ऐकलं असतं."

"मी वाईट आहे का हो? भाऊमामांचं नाव स्वच्छ व्हावं असं मलाही वाटतं. पण निवडणूक होईपर्यंत दोन महिने थांबले तर काय बिघडणार आहे?"

"तो अकरा वर्षांपूर्वी गेला, सपना. त्याचं काही बिघडायचं राहिलेलं नाही."

 सासूच्या आवाजात भांडण नव्हतं, तेच तिला जड गेलं. तिने पहिली भाकरी थापली.

नंदा बालवाडीची बाई होती. सुजातानगरच्या विहाराशेजारच्या खोलीत तिने सव्वीस वर्षं पोरांना गाणी शिकवली. ते गाव तिचंच होतं. माहेर तिथे, भाऊ तिथे. भाऊराव तिच्याहून दोन वर्षांनी लहान, हमालीचं काम, शाळा दुसरीपर्यंत. भावजींवर त्याची अशी काही श्रद्धा, की भीमराज रात्र म्हणाले तर हा कंदील शोधायला लागेल. सभेच्या आदल्या दिवशी घरोघर फिरून "उद्या सरांची सभा हाय, समद्यांनी यायचं" असं त्यानेच सांगितलं होतं. रजिस्टर घेऊन दाराशी तोच बसला होता. नंदाने मटणात पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं.

*

प्रबुद्ध बाराच्या सुमाराला आला. चाळीस उलटलेला, मेट्रोत सिग्नलच्या कामावर, हातात प्लास्टिकची फाईल. दारातच ऋतिकाला म्हणाला, "जयभीम." आत्याला वाकून म्हणाला, "जयभीम, आत्या." अनिरुद्धच्या खांद्यावर हात ठेवून, "काय रे, पोट सुटलं तुझं." सपनाला, "जयभीम वहिनी." खिडकीजवळच्या खुर्चीशी येऊन तो थांबला.

"जयभीम, प्रबुद्ध," भीमराज म्हणाले.

"जयभीम, मामा," तो शेवटी म्हणाला. आत्याचा नवरा म्हणून लहानपणापासून मामाच म्हणत आला होता. जीभ दुसरं काही म्हणायला तयार झाली नाही, याचा त्याला रागच आला.

"आधी जेवून घ्या सगळे," नंदा म्हणाली.

"मी खाऊन आलोय, आत्या."

खोटं बोलत होता. दादरला वडापाव खाल्ला होता तेवढंच. मटणाचा वास येत होता, पण या घरातला घास घशाखाली उतरला असता का, कुणास ठाऊक.

ऋतिकाने प्रिंट पुढे केला. तो त्याने एकदा वाचला, मग परत वाचला.

"वगळावा," तो म्हणाला. "वा! वगळावा!"

"प्रबुद्ध, ही माझी चूक होती आणि ती मी दुरुस्त करतोय," भीमराज म्हणाले. "सभेच्या हजेरीच्या सह्या होत्या. त्या संमतीच्या म्हणून लागल्या. पहिल्या पानावर 'हजेरी' असं शीर्षक होतं. ते पान निघालं आणि संमतीचं पान लागलं."

"निघालं? आपोआप?"

प्रबुद्धने प्रिंट टेबलावर ठेवला.

"मामा, तुम्ही मला व्याकरण शिकवलंय. दहावीला. कर्ता, कर्म, क्रियापद. यात कर्ता कुठंय? 'वाचावे', 'वगळावा', 'निघालं', 'लागलं'! माझ्या बापाचं नाव तेवढं छापलंत, कर्त्याच्या जागेवर, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट."

"त्याचं नाव मी मानाने घातलं होतं," भीमराज हळू म्हणाले. "वस्तीतल्या एका हमालाचं नाव इतिहासात यावं म्हणून. खरं सांगतो."

"माहितीये मला! म्हणून तर वाट लागली ना!" प्रबुद्धचा आवाज चढला. "तुम्ही पुस्तकाची प्रत दिलीत. बाबांनी ती प्लास्टिकमध्ये गुंडाळली. विहारात घेऊन गेले, पौर्णिमेला, सगळी माणसं बसली होती. म्हणाले, भावजींनी माझं नाव पुस्तकात घातलंय, कुणीतरी मोठ्यानं वाचा रे. त्यांना स्वतःला कुठे धड वाचता येत होतं? वाघमाऱ्यांच्या पोराने वाचलं. 'चारशे बारा रहिवाशांनी स्थलांतरास लेखी संमती दिली. सह्यांचे संकलन : भाऊराव धोंडू खरात.' माझा बाप हसत उभा होता. टाळ्यांची वाट बघत होता, मामा."

नंदा स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी होती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तक निघाल्यावर भाऊ यायचा बंद झाला, एवढंच तिला माहीत होतं. तिने पदर तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"त्यानंतर आठ वर्षं त्यांना 'सहीवाला' म्हणायचे," प्रबुद्ध म्हणाला. "ते जिथे बसतील तिथून माणसं उठायची. शेवटी विहारात जायचेच बंद झाले. मी तरी काय केलं? मीही विचारलं त्यांना, बाबा, कितीला विकलंत आम्हाला? बावीस-तेवीस वर्षांचा गाढव होतो मी. म्हणाले, पोरा, मी फक्त सभेला बोलावलं होतं. मला खरं वाटलं नाही. पुस्तकात छापलं होतं ना. सरांच्या पुस्तकात."

ऋतिका रडत होती. अनिरुद्ध पुढे झाला. "प्रबुद्ध, झालं ते फार वाईट झालं. म्हणूनच म्हणतोय, छापू या. शुद्धिपत्र मोठं करू. नाव नीट लिहू. पाहिजे तर कार्यक्रमात बाबा बोलतील त्यावर."

"छापा की. तुमचं पुस्तक आहे," प्रबुद्ध म्हणाला. त्याने फाईल उघडली. "मी त्याच्यासाठी आलोच नाही. आमची केस लागलीये. मूळ जागी घरं मिळायला पाहिजेत म्हणून. बिल्डरच्या वकिलाचं म्हणणं, यांनी कायमची जागा सोडायला लेखी संमती दिली होती. त्याने दोन कागद लावलेत. एक त्या सह्या, आणि दुसरा हा." त्याने झेरॉक्स टेबलावर ठेवली. पान एकशे बेचाळीस. सतरा नंबरच्या टिपेखाली लाल रेघ मारलेली होती. "नामवंत इतिहासकार लिहितात, असं म्हणून लावलाय. बुधवारी तारीख आहे. तुमची आवृत्ती महिन्याने येणार, आणि आली तरी पुस्तक ते पुस्तकच. मला प्रतिज्ञापत्र पाहिजे. स्टँप पेपरवर. सह्या कशाच्या होत्या आणि ते पहिलं पान कुणी काढलं. नावानिशी."

इथे घरातली बाजू पालटली. सकाळपासून बापाच्या बाजूने बोलणारा अनिरुद्ध ताडकन उठला. "नाही हां! पुस्तकात लिहिणं वेगळं आणि कोर्टात लिहून देणं वेगळं. बाबा ऐंशीचे आहेत. उलटतपासणीला उभं करणार आहेस त्यांना? उद्या त्यांच्यावरच केस टाकली कुणी तर? सरकारी कागद बदलला म्हणून?"

"मग? माझा बाप काय आनंदात होता?"

"अरे पण तो आता..." अनिरुद्धने जीभ चावली.

"बोल ना. मेलाय, असंच ना?"

 सगळे भीमराजांकडे बघत होते आणि ते त्या झेरॉक्सकडे. शेवटी म्हणाले, "ते पहिलं पान आज नाही. माझ्या नुसत्या आठवणीवर कोर्ट विश्वास ठेवणार नाही. पुरावा काय?"

"मामा, पुरावा तुम्ही आहात!"

"मला एक-दोन दिवस द्या. विचार करून..."

प्रबुद्धने फाईल बंद केली. काय अपेक्षा होती आपली, असं त्याच्या मनात आलं. हा माणूस आयुष्यभर तळाशी, बारीक टायपात खरं बोलत आला. वर, मोठ्या अक्षरात, त्याला कधी जमलंच नाही. तो उठला. "चलतो मी."

"थांब," नंदा म्हणाली.

*

ती बाहेर आली ते ओले हात पदराला पुसत. "त्या सह्यांचे कागद आहेत तुझ्याजवळ? दाखव."

प्रबुद्धने झेरॉक्सचा गठ्ठा काढला. नंदाने चष्मा लावला. पहिलं पान टाइप केलेलं : 'संमतीपत्रक'. तिने ते उलटलं. दुसऱ्या पानावर उजव्या कोपऱ्यात शाईने एक छोटा गोल होता आणि त्यात आकडा होता. २. तिने पुढचं पान बघितलं, ३. मग ४. अशी शेवटपर्यंत.

"हे रजिस्टर माझं आहे," ती म्हणाली. "बालवाडीचं. तपासणीला बाई यायच्या ना, त्या आधी बघायच्या पानांवर नंबर आहेत की नाहीत. मधलं पान फाडलं तर कळावं म्हणून. त्यामुळे नवीन रजिस्टर आलं की पहिल्या दिवशी मी सगळ्या पानांवर गोल काढून नंबर घालायची. भाऊ सभेच्या दिवशी धावत आला, अक्का, रजिस्टर दे. मी कोरं दिलं आणि पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं, 'सभेस हजर असलेल्यांची हजेरी'. खाली तारीख." तिने टाइप केलेल्या पानावर बोट ठेवलं. "या पानावर नंबर कुठंय? एक नंबर कुठे गेला?"

 सपना पुढे आली आणि एकेक कोपरा बघत सगळी पानं चाळली. "बाई गं," ती म्हणाली. "चोवीस वर्षं कुणाच्या लक्षात नाही आलं?"

नंदाच्या लक्षात आलं होतं. कागद तिने आज पाहिले, पण तळटीप तिने पुस्तक निघालं त्याच दिवशी वाचली होती. 'लेखी संमती' वाचून तिने पुस्तक मिटलं होतं, कारण आपण काय लिहून दिलं होतं ते तिला ठाऊक होतं. तिने विचारलं नाही. आल्यागेल्याला 'कशावरून' विचारणाऱ्या नवऱ्याला तिने एकदाही 'कशावरून' विचारलं नाही. घर टिकवायचं होतं. सरांची बायको म्हणून लोक उठून जागा द्यायचे, तेही हवं होतं, खोटं कशाला बोला. आणि तिकडे भावाला पाहून लोक उठून जात होते.

"माझं प्रतिज्ञापत्र घे," ती प्रबुद्धला म्हणाली. "रजिस्टर माझं, नंबर माझे, अक्षर माझं. माझी बाकीची रजिस्टरं आहेत कपाटात, ती पण घेऊन जा. तसेच गोल आहेत सगळीकडे. त्यांना विचार करू दे. ऋतु, लिहायला घे."

"आजी, कसं लिहायचं?"

आणि कुणाला वाटलं नव्हतं ते झालं. सपनाने खुर्ची ओढली. "मी सांगते. वॉर्ड ऑफिसात शंभर वेळा केलंय. 'मी, सौ. नंदा भीमराज ओव्हाळ, वय चौऱ्याहत्तर, धंदा निवृत्त बालवाडी शिक्षिका, राहणार अमुक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की'. मग एक-दोन-तीन मुद्दे. आणि प्रबुद्धभाऊ, डायरेक्ट नोटरीकडे नका जाऊ हां. आधी वकिलाला मसुदा दाखवा, नाहीतर एका शब्दावरून फेकून देतील."

"सपना, तुझं तिकीट..." अनिरुद्ध म्हणाला.

"गेलं खड्ड्यात!" ती एकदम ओरडली आणि तिचे डोळे भरून आले. "म्हणजे, नाही रे, खड्ड्यात नाही, मला पाहिजे होतं. मला खूप पाहिजे होतं. पण आता हे दोन नंबरचं पान बघितल्यावर कुणाच्या दारात मत मागायला जाऊ? कांजूरचे लोक अजून मतदान इथेच करतात, अनि."

अनिरुद्ध बायकोकडे बघत राहिला आणि मग खाली बसला. 

*

भीमराजांना ते शाळेचं पटांगण आठवत होतं. सभा नव्हे, सभेनंतरची दुपार. वॉर्ड ऑफिसातला माणूस टेबलापलीकडे बसला होता. म्हणाला होता, सर, संमतीसाठी पुन्हा सभा घेतली तर फाईल पुढच्या वर्षावर जाईल. पाऊस तोंडावर आहे. चारशे बारा सह्या तर आहेतच, एक पान बदललं की झालं. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ती दोन पोरं आली होती, दरडीखालून काढलेली, एकाच्या पायात एकच चप्पल. ते खरं होतं. ते आजही खरं होतं. पण त्यांना घाई झाली होती, हेही खरं होतं. आणखी एक होतं, जे त्यांनी कुठल्याच टिपेत लिहिलं नसतं : त्यांना वाटलं होतं, आपली माणसं आहेत, आपल्याला नाही म्हणणार नाहीत, मग विचारायचं कशाला?

पुढे पुस्तक लिहायला बसले तेव्हा समोर सरकारी कागद होता, शिक्क्याचा. कागद म्हणत होता संमती. त्यांनी कागद प्रमाण मानला. सगळ्या आयुष्यात त्यांना हीच एक नोंद तपासावी लागली नव्हती.

टेबलाशी नंदाचे मुद्दे संपत आले होते. "मजकूर वाचून पाहिला, तो खरा आहे," सपना सांगत होती आणि ऋतिका टाइप करत होती. प्रबुद्ध भिंतीला टेकून उभा होता. मघाचं 'चलतो' तो विसरला असावा.

"ऋतु," भीमराज म्हणाले. "दुसरं पान घे. माझं."

"बाबा, नक्की?" अनिरुद्धने विचारलं.

"नंदाचं रजिस्टर सांगेल की पान गेलं. ते कुणी काढलं हे रजिस्टर कसं सांगेल?"

ऋतिकाने नवीन पान उघडलं. "मी, भीमराज रामजी ओव्हाळ, वय ऐंशी. धंदा काय लिहू, आजोबा? इतिहासकार?"

"नाही."

"निवृत्त प्राध्यापक?"

"माजी नगरसेवक लिही. तेवढंच." ते थोडे थांबले. "त्या दिवशी तिथे मी इतिहासकार म्हणून नव्हतो बसलो. आणि नंतर पुस्तक लिहायला बसलो तेव्हाही नव्हतो."

मग ते सांगत गेले. तारीख, जागा, ऑफिसातल्या माणसाचं नाव, त्याने काय विचारलं. एकेका वाक्यावर अडखळत होते. आयुष्यभर त्यांनी लिहिलेली वाक्यं 'असे दिसते', 'असे आढळते' अशी संपायची. ती सवय पुन्हा पुन्हा आडवी येत होती. "ते पान काढण्यात..." असं म्हणाले, थांबले, आणि मान हलवली. "खोड ते. लिही, ते पान मी काढायला सांगितलं. माझ्यासमोर फाडलं. मी त्यावर काही बोललो नाही."

प्रबुद्ध भिंतीपासून सुटून टेबलाजवळ आला.

"शेवटचा मुद्दा," भीमराज म्हणाले. "कालकथित भाऊराव धोंडू खरात यांनी लोकांना फक्त सभेला बोलावलं होतं. सह्यांचं पुढे काय झालं, ते त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं." त्यांनी नंदाकडे बघितलं, मग प्रबुद्धकडे. "मला माहीत होतं."

ऋतिकाच्या बोटांचा आवाज थांबला.  नंदा खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती.

"ऋतिका," प्रबुद्ध म्हणाला.  "ते शेवटचं परत वाच. मोठ्यानं."